पेला सापडला, हे कोणाला सांगितलंत?

या आठवड्याचं पत्र, थोडं कापून:

"बाई, शालोम. मी ठाण्याला राहते, वय अठ्ठावन्न. एलूल लागला की पहाटे उठून सलिहोतला जायचा माझा नेम आहे, यंदाही चुकवलेला नाही. पण 'हत्तानू लेफानेखा' (आम्ही तुझ्यापुढे पाप केलं) म्हणताना नुसतं तोंड हलतं, आवाज फुटत नाही. कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी नव्याच्या सणाच्या तोंडावर घरातला चांदीचा पेला दिसेना. सासूबाईंचा, फक्त सणांच्या किद्दुशला, म्हणजे द्राक्षरसावरच्या प्रार्थनेला, काढतो तो. आमच्याकडे अकरा वर्षं स्वयंपाकाला असलेल्या मावशींवर मी संशय घेतला. तोंडावर विचारलं, पिशवी उघडायला लावली. आत जेवणाचा डबा आणि बसचं तिकीट होतं. त्या रडल्याबिडल्या नाहीत. पिशवी उचलून गेल्या त्या गेल्याच. महिन्याचे सतरा दिवस भरले होते, तो पगारही घ्यायला आल्या नाहीत. मी रागाच्या भरात बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'आपापल्या वस्तू सांभाळा, आमच्याकडे चांदीचा पेला गेलाय.' कोणाबद्दल ते सगळ्यांना कळलं. त्यांची याच बिल्डिंगमधली आणखी दोन कामं सुटली. पुढच्या पेसाहला (वसंतातला सण) माळ्यावरची ट्रंक उतरवली तर पेला आत! आदल्या पेसाहची भांडी आवरताना मीच फडक्यात गुंडाळून ठेवला होता. ह्यांना सांगितलं. म्हणाले, झालं ते झालं, त्यांना दुसरीकडे काम मिळालंय, आता उकरून काय मिळवणार, मशिदीत दान दे नि मोकळी हो. दान दिलं. मध्ये एक किप्पूर गेला, उपास कडक केला. मोकळी काही झाले नाही. मुलीने फारच लावून धरलं तेव्हा मावशींना मेसेज केला, दर वर्षी सगळ्यांना पाठवते तोच, 'जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर क्षमा असावी'. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. त्यांचं गाव महाडकडे, पण राहतात अजून इथेच. आता काय करू? जावेशीही तीन वर्षं बोलणं नाही, तेही मनात आहेच."

ताई, शालोम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या खेपेला बसच्या तिकिटापाशी अडकले. दोन वर्षांनीही त्या पिशवीत काय होतं ते तुम्हाला डब्यातिकिटासकट आठवतंय. म्हणजे काय करायचं ते तुम्हाला कळलेलं आहे, पाय तेवढा उचलत नाहीये. मी मागून जरा ढकलते.

त्याआधी दोन शब्द बाकीच्या वाचकांसाठी, कारण हे सदर आमच्या बेने इस्राएल समाजाबाहेरचेही बरेच जण वाचतात. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग. जुने लोक अजून मशीदच म्हणतात, आणि मुंबईच्या मस्जिद स्टेशनचं नाव आमच्या १७९६ सालच्या जुन्या मशिदीवरूनच पडलं असं आम्ही अभिमानाने सांगतो. रोश हशाना म्हणजे ज्यू नवं वर्ष, आमच्या आज्यांच्या भाषेत नव्याचा सण. यंदा ११ सप्टेंबरला दिवस मावळला की ५७८७ साल लागेल. सण १२ आणि १३ ला. तिथून दहाव्या दिवशी, २१ तारखेला, किप्पूरचा उपास. जुन्या कोकणातल्या घरांतून त्याला दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारं लावून घेत. आणि नव्याच्या सणाआधीचा महिना एलूल, म्हणजे वर्षभराचा हिशोब काढायचा महिना. यंदा तो श्रावणाच्या अगदी हातात हात घालून चाललाय. महिनाभर पहाटे उठून क्षमेच्या प्रार्थना म्हणतात, त्या सलिहोत.

आता तुमच्या यजमानांचं. त्यांचा हेतू चांगला आहे, बायकोला त्रास होतोय तो थांबावा. पण त्यांनी तुम्हाला चुकीच्या खिडकीवर पाठवलं. विजेचं बिल घरपट्टीच्या खिडकीवर भरलंत तर पावती मिळेल, घरपट्टीच्या खात्यात पैसे जमाही होतील, पण वीज तोडायला माणूस यायचा तो येणारच. मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथात योमा नावाचं जे प्रकरण आहे, त्याच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी हे स्वच्छ लिहिलंय. माणूस आणि देव यांच्यामधल्या पापांचं प्रायश्चित्त किप्पूरने होतं. माणूस आणि माणूस यांच्यामधल्या पापांचं होत नाही, ज्याला दुखावलं त्याची समजूत काढेपर्यंत. देव इथे हात वर करून मोकळा झालाय: माझ्याकडे नका येऊ, तिच्याकडे जा. तुमचा आवाज पहाटे फुटत नाही तो त्यामुळे. तुम्ही ज्याच्यापुढे उभ्या आहात तो म्हणतोय, बाई, माझं काही येणं नाही तुमच्याकडे.

आणि योगायोग बघा. रोश हशानाच्या पहिल्या दिवशी मशिदीत तोराचा, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाचा, कुठला भाग वाचतात? जगाचा न्याय व्हायचा दिवस. मला विचारलं असतं तर मी सृष्टी निर्माण झाली ती गोष्ट काढली असती. वाचतात उत्पत्तीचा एकविसावा अध्याय, आणि त्यातला बराचसा भाग घरातून काढून दिलेल्या एका कामाच्या बाईचा आहे. हागार. सारेची दासी. सारेला ती घरात नको होते. अब्राहाम पहाटे उठतो, तिच्या खांद्यावर भाकरी आणि पाण्याची कातडी पिशवी देतो आणि मुलासकट वाटेला लावतो. पाणी संपतं. ती पोराला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, त्याचं मरण डोळ्यांनी बघवत नाही म्हणून. आणि देव ऐकतो ते त्या पोराचं रडणं, तो जिथे आहे तिथे. अब्राहामाच्या तंबूपाशी त्या वेळी काय प्रार्थना चालली होती ते तोरा सांगतसुद्धा नाही. मी पन्नासेक वर्षं हा भाग ऐकतेय. तरुणपणी वाटायचं, सणाच्या दिवशी ही कसली गोष्ट! आता वाटतं, निवडणाऱ्याला आपली घरं बरोबर माहीत होती.

त्याच दिवशी पाठोपाठ शमुवेलच्या पुस्तकातला हन्नेचा भाग येतो, आणि तुमच्या कामाचा आहे तो हाच. हन्ना शिलोच्या देवळात मुलासाठी प्रार्थना करतेय. ओठ हलतायत, आवाज नाही. (तुमच्यासारखंच, पण तिचं कारण वेगळं.) एली याजक दाराशी बसलाय. त्याला वाटतं, बाई दारू पिऊन आलीय, आणि तो तिला तसं सुनावतो. ती म्हणते, नाही महाराज, मी दुःखी आहे, प्यालेली नाही. एली काय करतो? तो याजक आहे, म्हातारा आहे, देऊळ त्याचं आहे. 'गैरसमज होतोच माणसाचा' असं पुटपुटून तो विषय मिटवू शकला असता. तो जागच्या जागी म्हणतो, शांतीने जा, तू जे मागितलंस ते इस्राएलचा देव तुला देवो. यावरून तालमूदच्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या मोठ्या ग्रंथाच्या, ब्राखोत प्रकरणात नियम काढलाय: ज्याने दुसऱ्यावर नसलेल्या दोषाचा संशय घेतला, त्याने त्याची समजूत काढायला हवी, आणि तेवढ्यावर न थांबता त्याला आशीर्वादही द्यायला हवा. खोट्या संशयासाठी वेगळा नियम आहे, ताई. तुमच्याआधी पुष्कळांचे पेले ट्रंकेत सापडलेले असणार.

एलीने ते त्याच मिनिटाला केलं. तुम्हाला पेला सापडून सव्वा वर्ष उलटलं. ह्या सव्वा वर्षाबद्दल मी गोड बोलणार नाही. पेला हरवला तेव्हा तुम्ही चुकलात, ती चूक घाईची होती. सापडल्यावरचा रोजचा एकेक दिवस मात्र तुम्ही ठरवून घालवलात. मावशींना भेटाल तेव्हा हा भागही सांगायचा. 'मला मागच्या वर्षीच्या पेसाहपासून माहीत होतं.' हे वाक्य घशात अडकेल. अडकू दे, पण म्हणा.

वाक्यांवरून आठवलं. मराठी ही माफी टाळायला फार सोयीची भाषा आहे. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं म्हणून अधिकाराने सांगते. 'पेला हरवला.' 'गैरसमज झाला.' 'बोललं गेलं.' 'माझ्याकडून घडलं.' सगळं आपोआप घडतंय, करणारा माणूस वाक्यात शोधून सापडत नाही. आणि त्या मेसेजमधलं 'दुखावलं असेल तर', त्यातला 'असेल' आणि त्यातला 'तर'! दुखावलं, हे तुम्हाला माहीत आहे. किप्पूरच्या कबुलीजबाबात हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने छातीवर मूठ मारत म्हणतो ना आपण, 'अशम्नू, बगद्नू, गझल्नू, दिब्बर्नू दोफी' – आम्ही दोषी झालो, आम्ही दगा दिला, आम्ही लुबाडलं, आम्ही निंदा केली. प्रत्येक शब्दाच्या शेपटीला 'आम्ही' चिकटलेला आहे, सुटता सुटत नाही. मावशींशी बोलताना कर्ता जागेवर ठेवा. मी संशय घेतला. मी पिशवी उघडायला लावली. मी ग्रुपवर लिहिलं. पेला मीच ठेवला होता.

(त्या मेसेजचं एक सांगून टाकते, कारण हसाल. एका वर्षी मीही तो यादीतल्या सगळ्यांना पाठवला. पाच मिनिटांत दूधवाल्याचं उत्तर: 'बाई क्षमा केली, मागच्या महिन्याचं बिल बाकी आहे.' तेव्हापासून मी तो पाठवत नाही.)

बिलावरून पगाराकडे येते. सतरा दिवसांचा पगार तुमच्याकडे दोन वर्षं पडून आहे. त्या घ्यायला आल्या नाहीत हे खरं, पण ज्या दारात पिशवीची झडती झाली तिथे कोण येईल? तोरातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराच्या पगाराबद्दल आहे: त्याच दिवशी दे, त्यावर सूर्य मावळू देऊ नकोस, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात लागलेला असतो. तुमच्याकडे सातशेच्या आसपास सूर्य मावळले. तेव्हा ते पैसे सगळ्यात आधी, आजच्या दराने, पाकिटात. देताना म्हणायचं, हा तुमचा पगार, माझ्याकडे राहिला होता. भेट नाही, मदत नाही, दिवाळी नाही. दुसरं पाकीट त्या सुटलेल्या दोन कामांचं. त्या किती दिवस रिकाम्या होत्या ते त्यांनाच विचारा आणि त्या जो आकडा सांगतील त्यावर घासाघीस करू नका. कायद्याने हे कोणी तुमच्याकडे मागणार नाही. पैशांच्या आधी की नंतर क्षमा मागायची, हा घोळ मनात घालू नका. रंबाम, म्हणजे बाराव्या शतकातले मैमोनिदेस, तेशुवाच्या, म्हणजे पश्चात्तापाच्या, नियमांत लिहितात की देणं चुकतं केलं तरी समजूत काढणं आणि क्षमा मागणं राहतंच. दोन्ही वेगळी कामं आहेत, एकाने दुसरं फिटत नाही.

पैसे सोपे आहेत, खरं तर. तालमूदमध्येच बावा मत्सिया प्रकरणात म्हटलंय, पैशाने फसवण्यापेक्षा शब्दाने दुखावणं जास्त वाईट, कारण पैसे परत करता येतात. चारचौघांत एखाद्याचा चेहरा पांढरा पाडणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं. तिथला एक पंडित म्हणतो, खरंच आहे, मी बघितलंय, लाली जाते आणि पांढरेपणा येतो. मावशी रडल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंत. चेहऱ्याचा रंग कसा होता ते लिहिलं नाहीत.

म्हणून त्यांचं नाव जिथे गेलं तिथून परत आणायचं. मावशींकडे जायच्या दिवशीच सकाळी त्याच ग्रुपवर लिहा, आणि असं काहीतरी लिहा: 'दोन वर्षांपूर्वी मी इथे चांदीचा पेला गेल्याचं लिहिलं होतं आणि मावशींवर संशय घेतला होता. पेला माझ्याच ट्रंकेत सापडला, मीच ठेवला होता. मावशींनी काहीही घेतलेलं नव्हतं. हे मला सव्वा वर्षापूर्वी कळलं आणि मी सांगितलं नाही. चूक माझी.' संपलं. खाली हात जोडल्याचं चित्र टाकू नका. दोनेक जणी 'अहो होतं असं' म्हणतील, एखादी आतून खूश होईल, एखादी आठवडाभर लिफ्टमध्ये तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. त्या नजरेखाली मावशी दोन वर्षं राहिल्यात, तुम्हाला आठवडा झेपेल. ज्या दोन घरांनी काम काढून घेतलं तिथे मात्र ग्रुपवर भागणार नाही, बेल वाजवून सांगा. आणि वॉचमनला. वॉचमनला विसरू नका. कामाच्या बायकांची अब्रू गेटवर ठरते.

आता जायचं कसं. त्या सध्या काम करतात त्या घरी जाऊ नका. तिथल्या बाईने 'कसली चोरी?' म्हणून कान टवकारले तर तुमच्या पश्चात्तापात त्यांची नवी नोकरी जाईल. फोन करा, कुठे नि कधी भेटू विचारा, त्या नको म्हणाल्या तर थांबा. अचानक दारात उभं राहणं टाळा. तालमूदमध्ये राव नावाच्या थोर गुरूंची गोष्ट आहे. एका खाटकाने त्यांना दुखावलं होतं. किप्पूरच्या आदल्या दिवशी तो काही समजूत काढायला आला नाही, तेव्हा राव म्हणाले, मीच जातो, त्याला सोपं करून देतो. वाटेत शिष्य राव हूना भेटला. कुठे चाललात ऐकून तो म्हणाला, गुरुजी माणूस मारायला निघालेत. राव जाऊन उभे राहिले. खाटीक मुंडकं फोडत होता. त्याने मान वर केली, म्हणाला, तू? चालता हो, माझं तुझं काही नाही. आणि पुढचा घाव घातला, तर हाडाचा तुकडा उडून त्यालाच लागला आणि तो मेला. या गोष्टीचा अर्थ लोक हजार तऱ्हांनी लावतात. मला त्यातला हूनाच दिसतो. मोठ्या माणसाने छोट्या माणसाच्या दुकानात सणाचा मुहूर्त गाठून समेटासाठी उभं राहणं, हीसुद्धा एक बळजबरी असते. तेव्हा एकट्या जा. मुलीला ढाल म्हणून नेऊ नका, यजमानांना तर नाहीच. चहा दिला तर प्या.

आणि हलवा नेऊ नका. पत्राच्या कापलेल्या भागात तुम्ही लिहिलं होतंत की चिकाचा हलवा मावशींशिवाय होत नसे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गहू तीन दिवस भिजत घालायचे, वाटायचे, गाळायचे, चीक तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, मग नारळाच्या दुधात साखर घालून तो चीक घोटत बसायचं. सणाला मटण असतं, म्हणून गाईम्हशीचं दूध चालत नाही. घोटायचं म्हणजे दोन-तीन तास, हात थांबला की तळाला धरलं. हल्ली निम्म्या घरांत चायना ग्रासवर भागवतात ते उगाच नाही. तुमच्या घरी अकरा सण तो हात कोणाचा होता? आणि पेला गेला तो नेमका सणाच्या तोंडावर, म्हणजे त्या वर्षीचे गहू बहुधा भिजत पडलेले असतानाच त्या गेल्या. तो हलवा मग कोणी केला, की झालाच नाही?

हे मी जखमेवर मीठ म्हणून विचारत नाही. एलूलचा हिशोब, ज्याला हिब्रूत हेश्बोन हनेफेश म्हणतात, तो मला इथे सुरू होतो असं वाटतं. एक पेला दिसेना. घरात तुम्ही, यजमान, मुलगी, येणारे-जाणारे पाहुणे, कोणी पंखा दुरुस्त करायला आलेला. कपाटं, माळे, ट्रंका. एवढ्यातून तुमचं बोट पहिल्यांदा गेलं ते अकरा वर्षांच्या माणसाच्या पिशवीकडे. ट्रंक सगळ्यात शेवटी, तीही चुकून उघडली. असं का, हे कागद घेऊन बसून स्वतःला विचारा. मला दाखवायची गरज नाही. मी बसले तर माझ्याही कागदावर बरंच निघेल. लिथुआनियात एकोणिसाव्या शतकात राब्बी इस्राएल सलांतर होऊन गेले. त्यांच्याबद्दल सांगतात की जेवणाआधी हात धुताना ते नियमात बसेल तेवढंच थोडं पाणी घ्यायचे. कोणीतरी विचारलं, सढळ हाताने धुवावं ना? ते म्हणाले, पाणी ती मोलकरीण लांबून खांद्यावरून आणते, माझं पुण्य तिच्या खांद्यावर कशाला? पहाटे तुम्ही सलिहोतला निघता तेव्हा तुमच्या नव्या बाईंची येण्याची वेळ त्यासाठी अलीकडे आणली आहे का, हेही त्या कागदावर लिहा. आणली नसेल तर माफ करा.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. शाळेत असताना मी एका मुलाला सगळ्या वर्गासमोर कॉपी केल्याबद्दल उभं केलं. त्याने केलेली नव्हती, ते मला आठवड्यात कळलं, आणि मी गप्प बसले. बाईंनी पोराची माफी मागायची तेव्हा रीत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. तीसेक वर्षांनी तो एका लग्नात भेटला. मी त्याला बाजूला घेतलं आणि सुरू झाले: मला किती वाईट वाटत होतं, मला झोप लागत नसे, मी किप्पूरला दर वर्षी आठवण काढते... माझे डोळे भरून आले. तो बिचारा घाबरला. पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला, 'बाई, असू दे हो' म्हणाला. जाताना हसत एवढंच बोलला, 'अजून बँकेत फॉर्म भरताना शेजारच्या माणसाकडे बघत नाही मी.' घरी आल्यावर लक्षात आलं की अर्धा तास मी माझ्याबद्दल बोलले होते आणि ज्याला मी दुखावलं त्यानेच माझी समजूत काढली होती. तुम्ही रडणार असाल तर आधी घरी रडून जा. तिथे पाच मिनिटं बोला आणि मग त्या काय बोलतील ते ऐका. दोन वर्षांचं साठलेलं असेल. त्यांच्या प्रत्येक वाक्याला 'हो पण' म्हणू नका.

त्यांनी क्षमा केली नाही तर? रंबाम म्हणतात, मित्रांना घेऊन दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा. तरी नाही तर सोडून दे, आता पाप क्षमा न करणाऱ्याचं. आपल्या लोकांना हा तीनचा आकडा फार आवडतो, हप्ते फेडल्यासारखे तीन फेरे मारून येतात. पण त्याच रंबामनी हेही लिहिलंय की दुखावलेला जर तुझा गुरू असेल तर हजारदा जा. मावशी तुमच्या गुरू नाहीत, मान्य. पण अकरा वर्षं तुम्हाला जेवू घातलेल्या बाईला तीनवर मोजून टाकू नये असं माझं मत. उलट मला भीती आहे ती त्यांनी पटकन 'जाऊ द्या हो वहिनी' म्हणण्याची. ज्याला रोज चार घरांत काम करायचंय त्याला 'जाऊ द्या' म्हणावंच लागतं. ती क्षमा समजून घरी येऊन दिवा लावू नका. मान हलवा, पाकिटं ठेवा, आणि उठताना आशीर्वाद द्या; एलीची आठवण ठेवा. तुमच्या तोंडून आशीर्वाद फार जड वाटत असेल तर साधं म्हणा, देव तुमचं भलं करो. परत कामाला या, असं त्याच दमात म्हणायचं नाही. त्यांना यायचं असेल तर नंबर आहे त्यांच्याकडे.

एक शेवटची कसोटी रंबामनीच दिलीय: पूर्ण तेशुवा कुठली? तोच प्रसंग पुन्हा आला, तीच संधी पुन्हा होती, आणि या वेळी केलं नाही. तुमच्या घरातून पुन्हा काहीतरी हरवणारच, साठीनंतर तर रोज हरवतं. मी चष्मा डोक्यावर ठेवून सबंध घर पालथं घातलेलं आहे. तेव्हा आधी ट्रंक.

जावेचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, मीही थोडक्यात सांगते, कारण तिथे कोणी कोणाला दुखावलं तेच तुम्ही लिहिलं नाहीत. ती चुकली असेल तर राब्बी झेरा करायचे ते करा: ज्याने त्यांना दुखावलं असेल त्याच्या डोळ्यांसमोरून ते उगाच येजा करत राहायचे, त्याला बोलायला संधी मिळावी म्हणून. सणाला मशिदीत तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल तर तिथे बसा. तुम्ही चुकला असाल तर वरचं सगळं पुन्हा वाचा, 'मावशी'च्या जागी 'जाऊ' घालून.

आणि वेळ बघा. १२-१३ ला आपला सण आहे आणि १४ ला गणपती. महाडकडची माणसं त्याच्या चार-पाच दिवस आधीच गाव गाठतात, एसटीच्या गाड्या ठाण्याहून भरून सुटतात. मावशी निघाल्या की गौरीगणपती होईपर्यंत परतायच्या नाहीत, आणि २१ ला किप्पूर. शनिवार सोडा. येत्या रविवारी दुपारी त्या घरी असतील का, ते आज संध्याकाळी फोन करून विचारा. मेसेज नको.

– बाई